अक्षरसुधारक वुक काराजिच

राज्ये जिंकणाऱ्या वीरांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. शिकंदर, सीझर, नेपोलियन ही नावे शाळेतील लहान मुलासही ठाऊक असतात. परंतु ज्याने एक खेडेही जिंकले नाही, ज्याच्या हाती तलवारीऐवजी कुबडी होती, आणि ज्याचे अर्धे आयुष्य वर्णमालेतील एका लहानशा अक्षराच्या तंट्यात गेले, अशा पुरुषाचे चरित्र आपल्या वाचनात सहसा येत नाही. युरोपच्या आग्नेय भागातील सर्बिया देशात असा एक पुरुष होऊन गेला. वुक स्तेफानोविच काराजिच हे त्याचे नाव. त्याने आपल्या लोकांच्या लिपीत जे अक्षर आणिले ते दिसावयास अगदी क्षुल्लक, म्हणजे खाली वळलेला एक आकडा व त्याच्या माथ्यावर एक टिंब, एवढेच आहे. तरीपण त्या आकड्यापायी धर्माधिकारी खवळले, पंडित उलटले, राजाने बंदीहुकूम काढिला, आणि एका गरीब माणसाच्या संसाराची धूळधाण होता होता राहिली. एवढ्याशा अक्षरात असे काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम त्या लिपीची थोडी माहिती पाहिजे. रशिया, बल्गेरिया, सर्बिया इत्यादी देशांत जी लिपी चालते तिला सिरिलिक लिपी म्हणतात. नवव्या शतकात सिरिल व मेथोडियस ह्या दोघा ग्रीक बंधूंनी स्लाव लोकांस ख्रिस्ती धर्माचा उपदेश त्यांच्याच भाषेत करण्याचे मनात आणिले व त्याकरिता नवी अक्षरे रचली. त्यांची मूळ अक्षरे निराळी होती. आज जिला सिरिलिक म्हणतात ती लिपी त्यांच्या शिष्यपरंपरेतील लोकांनी थोड्याच काळाने बल्गेरियात ग्रीक अक्षरांच्या आधाराने तयार केली, आणि तिला गुरूचे नाव मिळाले. सामान्य माणसास समजेल अशा भाषेत लिहिता यावे, हाच तिच्या जन्माचा हेतू होता.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. आठनऊशे वर्षांत लोकांची बोली पुष्कळ पुढे गेली, आणि अक्षरे मात्र जेथल्या तेथे राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर्ब लोकांची घरची भाषा एक व पुस्तकांची भाषा दुसरी, असा प्रकार झाला होता. पंडित लोक चर्चमधील जुनी स्लाव भाषा, तिचे रशियन वळण व थोडे सर्ब शब्द ह्यांची भेसळ करून ग्रंथ लिहीत. ते ग्रंथ शेतकऱ्यास वाचून दाखविले तरी त्यास अर्धेमुर्धेच कळत. वर्णमालेत चाळीसहून अधिक अक्षरे होती, आणि त्यांपैकी कित्येकांचा उच्चार लोकांच्या तोंडातून केव्हाच नाहीसा झाला होता. व्यंजनाने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी येर नावाचे एक मुके अक्षर लिहावे लागे. ते कोणी उच्चारीत नसे, पण गाळले तर चूक होई. उलटपक्षी, शेतात व बाजारात रोज ऐकू येणाऱ्या कित्येक ध्वनींना लिपीत स्वतःचे असे अक्षरच नव्हते.

अशा काळात, इ. स. १७८७ च्या नोव्हेंबर महिन्यात, लोझनित्सा गावाजवळील तर्शिच नावाच्या डोंगराळ खेड्यात वुकचा जन्म झाला. तेव्हा सर्बिया देश तुर्की साम्राज्यात मोडत असे. स्तेफान व येग्दा ह्या शेतकरी जोडप्याची आधीची मुले बाळपणीच दगावली होती. म्हणून ह्या मुलाचे नाव त्यांनी वुक, म्हणजे लांडगा, असे ठेविले. मुलांना खाणाऱ्या चेटकिणी लांडग्याच्या वाटेस जात नाहीत, अशी तिकडील लोकांची समजूत होती. आपल्याकडेही मुले जगत नसली म्हणजे धोंडू किंवा दगडू असे नाव ठेवण्याची चाल होतीच. आईबापांचे काळीज सगळ्या मुलुखांत सारखेच!

त्या पंचक्रोशीत लिहितावाचता येणारा मनुष्य जवळजवळ नव्हताच. येव्तो साविच नावाच्या एका आप्ताजवळ वुकने अक्षरे गिरविली. घरात शाई नव्हती व कागदही नव्हता. बंदुकीची दारू पाण्यात कालवून तिची शाई करावी, बोरूने लिहावे, आणि काडतुसे गुंडाळण्याचा कागद पाटीसारखा वापरावा, असे त्याचे पहिले धडे झाल्याचे सांगतात. पुढे बापाने त्यास त्रोनोशा येथील मठात शिकावयास पाठविले. परंतु तेथे पुस्तकापेक्षा मठाच्या शेळ्यांशीच त्याची गाठ अधिक पडू लागली. शेळ्या राखावयाच्या तर त्या घरीही आहेत, असा विचार करून बापाने त्यास परत आणिले.

इ. स. १८०४ साली काराजॉर्जे ह्या पुढाऱ्याच्या हाताखाली सर्ब लोकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. लेखणी धरता येणारा तरुण त्या वेळी हिऱ्यासारखा दुर्मिळ. वुक एका बंडखोर सरदाराचा कारकून झाला. पुढे त्याने सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या राज्यातील कार्लोव्त्सी नगरात जाऊन मोठ्या शाळेत प्रवेश मागितला. पण वय फार झाले म्हणून त्यास दार बंद झाले. निराश न होता त्याने पेत्रिन्या गावी काही महिने राहून जर्मन भाषेची तोंडओळख करून घेतली. इ. स. १८०८ साली बेलग्रेडमध्ये उच्च शिक्षणाची शाळा निघाली, तीत तो विद्यार्थी म्हणून दाखल झाला. आता शिक्षणाची हौस पुरी होईल असे वाटते न वाटते तोच त्यास संधिवाताने गाठले. नोव्ही साद, पेश्त अशा ठिकाणी औषधोपचार झाले, पण गुण आला नाही. डावा पाय आखडला तो कायमचाच. पाय कापून टाकावा असा वैद्यांचा सल्ला पडला. तो त्याने मानला नाही. लाकडी खुंट व कुबडी ह्यांच्या आधारे तो पुढील सारे आयुष्य चालला, आणि त्याच लाकडाच्या आधाराने त्याने सर्बिया, माँटेनेग्रो, दाल्मातिया, जर्मनी, रशिया एवढे प्रदेश पालथे घातले. आपण पांगळे झालो नसतो तर कोणत्या तरी लढाईत कामास आलो असतो; कुबडीने आपल्यास एका जागी बसवून वाचावयास लाविले, असे तो पुढे विनोदाने म्हणत असे.

इ. स. १८१३ साली उठाव मोडला. तुर्कांची फौज पुन्हा देशात शिरली व हजारो सर्ब लोक सीमेपलीकडे पळाले. त्यांतच वुक व्हिएन्ना शहरी आला. तेथे त्याने देशाच्या ह्या दुर्दशेवर एक लेख लिहिला. स्लाव भाषांतील मजकूर तपासणारा सरकारी अधिकारी येर्नेय कोपितार हा होता. तो जातीने स्लोव्हेन व मोठा भाषाशास्त्रज्ञ. लेख तपासता तपासता त्याचे लक्ष मजकुरावरून भाषेवर गेले. पंडितांच्या खिचडीऐवजी येथे खरीखुरी खेड्यातील सर्ब भाषा वाहत होती. त्याने स्वतः वुकचा शोध घेतला, आणि आपल्या लोकांची गाणी जमीव, व्याकरण लिही, कोश कर, असा त्याचा पिच्छा पुरविला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८१४ साली, लोकगीतांचे एक लहान पुस्तक व सर्ब भाषेचे पहिले छोटे व्याकरण वुकच्या नावावर छापून निघाले. त्या वेळी तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

लोकगीते जमविणे हे काम घरबसल्या होण्यासारखे नव्हते. ती गीते कागदावर नव्हतीच. ती शेतकरी, दरोडेखोर, आंधळे गायक व म्हाताऱ्या बाया ह्यांच्या तोंडी होती. एका तारेच्या गुस्ले नामक वाद्यावर हे गायक जुन्या लढायांची कवने गात, ती ऐकताना मराठी वाचकास आपल्या शाहिरांच्या पोवाड्यांची आठवण व्हावी. शिशातोव्हात्स येथील मठात वुकने फिलिप विश्निच ह्या अंध गायकास बसवून त्याची कवने उतरून घेतली. तेशान पोद्रुगोविच नावाचा दुसरा एक मनुष्य एके काळचा बंडखोर. तो दलदलीतील बोरू कापून बाजारात विकीत असताना वुकच्या दृष्टीस पडला. तो गात नसे, नुसती कवने म्हणून दाखवी. पण अशी म्हणे की, त्यांतील एक शब्दही अस्थानी वाटू नये. असे शब्द ऐकून ते कागदावर उतरविताना वुकला रोज एक अडचण येई. कानाने ऐकलेला ध्वनी हाताने लिहावा कसा? जुनी अक्षरे त्या तोंडच्या भाषेला बसत नव्हती. अक्षरसुधारणेचा विचार त्याला मुख्यतः सुचला तो ह्या अडचणीतून.

ह्या मार्गाने त्याच्या आधी जाऊन ठेचाळलेला एक मनुष्य होता, त्याचे नाव येथे घेतले नाही तर अन्याय होईल. साव्हा मर्काल हा तो गृहस्थ. त्याने १८१० साली एक लहान पुस्तक लिहून मुक्या येरवर हल्ला केला, व ज्याचा उच्चार नाही ते अक्षर नको, असे सांगून वर्णमाला सव्वीस अक्षरांवर आणिली. धर्माधिकाऱ्यांचा त्याच्यावर असा रोष झाला की, त्या सज्जनाने अखेर १८१७ साली स्वतःच आपले मत जाहीरपणे मागे घेतले. पुढे त्याच्या बुद्धीस भ्रम झाला आणि १८३३ साली व्हिएन्नातील वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. अक्षरे बदलू पाहणाऱ्यास काय किंमत द्यावी लागते, हे वुकच्या डोळ्यांसमोर होते. तरीही त्याने मर्कालचे टाकलेले काम उचलले.

वुकचा सिद्धांत साधा होता. जसे बोलावे तसे लिहावे, आणि जसे लिहिलेले असेल तसे वाचावे. एका ध्वनीस एकच अक्षर व एका अक्षरास एकच ध्वनी. हा नियम जर्मन पंडित आडेलुंग ह्याच्यापासून घेतलेला होता. परंतु कोणत्याही राष्ट्राने तो इतक्या काटेकोरपणे पाळला नव्हता. आपल्या मराठीचेच पाहा. जग म्हणजे विश्व, आणि जग म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही सारखे, पण उच्चार निरनिराळे. आपल्याला सवयीने ते कळते. परक्या माणसाची मात्र तेथे पंचाईत होते. वुकच्या नियमाप्रमाणे ह्या दोन ध्वनींना दोन अक्षरे हवीत.

त्याने मुकी व दुहेरी अक्षरे काढून टाकिली. जुन्यांपैकी चोवीस ठेविली व सहांची त्यात भर घातली. ल्य व न्य ह्या ध्वनींकरिता ल आणि न ह्यांच्या चिन्हांस मृदुत्वदर्शक खूण चिकटवून त्याने दोन जोडअक्षरे बनविली. मृदू चकारासाठी एक जुनेच अक्षर घेतले. मृदू जकारासाठी लुकियान मुशित्स्की ह्या कवी-धर्मगुरूने सुचविलेला आकार स्वीकारला. कठोर जकाराचे चिन्ह जुन्या हस्तलिखितांतून उचलले. ह्या पाचांचे गोत्र सिरिलिकच होते. सहावे अक्षर मात्र वेगळे. ते होते यकाराचे.

सर्ब भाषेत यकाराचा ध्वनी पदोपदी येतो. परंतु जुन्या लिपीत या, ये, यू ह्यांना एकेक स्वतंत्र अक्षर होते, आणि शब्दाच्या शेवटी येणाऱ्या यकाराला आणखी निराळे. म्हणजे एकच ध्वनी चार ठिकाणी चार वेष घेऊन वावरत होता. वुकने ठरविले की, यकाराला एकच चिन्ह द्यावे आणि त्यापुढे हवा तो स्वर लिहावा. त्याकरिता त्याने लॅटिन लिपीतील, म्हणजे ज्या लिपीत जर्मन वगैरे भाषा लिहितात तीतील, माथ्यावर टिंब असलेला आकडा उचलला. इंग्रजीत आपण त्यास जे म्हणतो. जर्मन लोक त्याचा उच्चार यकारासारखा करतात. सर्ब वर्णमालेत त्याचे नाव ये असे पडले. ह्या एका अक्षराने चारपाच जुनी अक्षरे निकामी केली. वास्तविक पाहता हे अक्षर अगदी परके नव्हते. लॅटिनातील हा आकडा म्हणजे तेथील इकाराचेच लांबविलेले रूप; तो इकार ग्रीक आयोटापासून निघालेला; आणि सिरिलिक लिपीतील टिंबाचा इकारही त्याच आयोटाचा वंशज. म्हणजे दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एकच. परंतु भांडणाच्या वेळी वंशावळ कोण पाहतो?

इ. स. १८१८ साली वुकचा प्रसिद्ध सर्ब कोश व्हिएन्नातील आर्मेनियन मठाच्या छापखान्यात छापून निघाला. त्यात २६,२७० शब्द होते आणि प्रत्येकाचा अर्थ जर्मन व लॅटिन भाषांत दिलेला होता. शब्दांबरोबर चालीरीती, खेळ, सण, दंतकथा ह्यांचीही माहिती त्यात आली होती. नवी अक्षरे ह्याच ग्रंथात प्रथम नीटपणे लोकांसमोर आली, आणि वादळ उठले. कार्लोव्त्सीचा महाधर्माध्यक्ष स्तेफान स्त्रातिमिरोविच हा विरोधकांचा अग्रणी होता. ह्या पुस्तकात खेडवळ व अशिष्ट शब्द आहेत, हा एक आक्षेप. पण मुख्य रोष त्या आकड्यावर होता. ऑर्थोडॉक्स पंथाच्या लिपीत रोमन कॅथलिकांचे अक्षर घुसविले. आज एक अक्षर आले, उद्या सारी लिपी जाईल, परवा धर्म जाईल, असे लोकांस वाटू लागले. वुकचा पाठीराखा कोपितार हा कॅथलिक व ऑस्ट्रियन सरकारचा नोकर, आणि वुकने ज्या वर्षी कोश छापला त्याच वर्षी जिच्याशी लग्न केले ती आना क्राउस हीही व्हिएन्नाची कॅथलिक मुलगी. संशयास आणखी काय पाहिजे?

विरोधकांस केवळ मूर्ख म्हणून सोडून देणे मात्र बरोबर होणार नाही. परक्या साम्राज्यात राहणाऱ्या सर्ब लोकांजवळ स्वतःचे राज्य नव्हते. चर्च व चर्चची लिपी एवढीच त्यांची ओळख उरली होती. रोमच्या अधिकाराखाली त्यांस आणण्याचे यत्न पूर्वी झालेले होते. जुन्या अक्षरांमुळे रशियातील धर्मबंधूंशी जो धागा जुळलेला होता तो तुटेल, ही भीती अगदीच निराधार नव्हती. चूक झाली ती एवढीच की, किल्ल्याची भिंत राखण्याच्या भरात आतील माणसे अंधारात राहिली, इकडे त्यांचे लक्ष गेले नाही. जी भाषा आई बोलते ती पुस्तकात नाही, आणि जी पुस्तकात आहे ती आईस समजत नाही, अशा स्थितीत शेतकऱ्याचा मुलगा वाचावयास शिकणार कसा, हा वुकचा प्रश्न होता. त्याला उत्तर कोणीच देत नव्हते.

वुकच्या अंगी दोषही होते. तो मोठा भांडखोर होता. दुसऱ्याच्या ग्रंथावर टीका करताना त्याच्या लेखणीस दयामाया राहत नसे, आणि त्यामुळे मित्र होण्यासारखे कित्येक लोक त्याचे वैरी झाले. शिवाय गरिबीने त्याचा पिच्छा कधी सोडला नाही. त्यास तेरा मुले झाली. त्यांपैकी मिना ही मुलगी व दिमित्रिये हा मुलगा एवढी दोनच त्याच्या पश्चात जगली. एका बाजूने घरात वरचेवर मृत्यू, दुसऱ्या बाजूने छापखान्याचे देणे, आणि तिसऱ्या बाजूने देशद्रोहाचा आरोप, अशा स्थितीत तो लिहीत राहिला.

स्वदेशात जो मान मिळाला नाही तो परदेशात मिळाला. १८२३ साली येना विद्यापीठाने त्यास सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. वायमार येथे महाकवी गटे ह्याने त्याचे आदराने स्वागत केले. परीकथांमुळे आपल्या मुलांसही परिचित असलेला याकोब ग्रिम हा तर सर्ब भाषा स्वतः शिकला, आणि १८२४ साली त्याने वुकचे लहान व्याकरण जर्मन भाषेत आणून त्यास प्रस्तावना लिहिली. सर्ब शेतकऱ्यांची कवने युरोपातील पंडित वाचू लागले. पुढे रशियन सरकारनेही त्यास वार्षिक तनखा बांधून दिला, म्हणून चूल पेटती राहिली.

खुद्द सर्बियात मात्र वेगळाच रंग होता. दुसऱ्या उठावानंतर मिलोश ओब्रेनोविच हा राजा झाला होता. तो शूर व धूर्त होता, परंतु त्यास स्वतःस लिहितावाचता येत नव्हते. १८३२ साली वुकने त्याच्या जुलमी कारभाराचे दोष दाखविणारे एक लांबलचक पत्र निर्भीडपणे त्यास लिहिले. त्याच वर्षी वुकच्या अक्षरांत पुस्तके छापण्यास सर्बियात बंदी झाली. ज्याला एकही अक्षर येत नव्हते त्या राजाने एका अक्षरास हद्दपार करावे, हा दैवाचा केवढा विनोद! वुक खचला नाही. १८३६ साली त्याने माँटेनेग्रोमधील त्सेतिन्ये येथे सर्ब म्हणींचा संग्रह छापला. आपण आधी गाळलेला हकार कित्येक प्रांतांतील लोक उच्चारतात, असे प्रवासात आढळून येताच त्याने त्याचे अक्षर ह्या ग्रंथात पुन्हा घेतले. विरोधकांपुढे न वाकणारा हा मनुष्य लोकांच्या जिभेपुढे मात्र तत्काळ वाकत असे. त्याच्या थोरवीची खरी खूण हीच होय.

नव्या कराराच्या भाषांतराची हकिकतही अशीच आहे. १८१९ च्या सुमारास रशियातील बायबल सोसायटीसाठी वुकने हे काम हाती घेतले व लवकरच पुरे केले. परंतु त्याची भाषा फार साधी वाटल्यामुळे ते हस्तलिखित दुसऱ्या एका पंडिताच्या हवाली झाले. त्याने त्यात जुन्या स्लाव शब्दांची सरमिसळ केली, आणि १८२४ साली तेच छापले गेले. वुकने आपली प्रत तेवीस वर्षे सांभाळली. अखेर १८४७ साली त्याने ती स्वतः व्हिएन्नात छापली. ते वर्ष त्याच्या आयुष्यातील सोन्याचे ठरले. त्याच वर्षी द्यूरा दानिचिच ह्या बावीस वर्षांच्या तरुण पंडिताने सर्ब भाषा व शुद्धलेखन ह्यांविषयी एक ग्रंथ लिहून विरोधकांचे मुद्दे एकामागून एक खोडून काढिले. ब्रांको रादिचेविच ह्या कवीने आपल्या कोवळ्या कविता नव्या अक्षरांत प्रसिद्ध केल्या. आणि माँटेनेग्रोचा राजा व धर्माध्यक्ष न्येगोश ह्याचे महाकाव्यही, जुन्याच अक्षरांत का होईना, पण लोकांच्या भाषेत बाहेर पडले. वाद जे करू शकला नाही ते चांगल्या पुस्तकांनी केले. तरुणांनी पुस्तके वाचली, ती त्यांस समजली, आणि बाजू फिरली.

१८५२ साली कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत शब्दांची संख्या ४७,००० च्या वर गेली होती. १८६० च्या सुमारास सर्बियातील बंदी बरीचशी सैल झाली, पण पुरती उठली नाही. १८६४ च्या फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, वुक व्हिएन्नात मरण पावला. त्यानंतर चार वर्षांनी, १८६८ साली, त्याच्या अक्षरांवरील शेवटची आडकाठी दूर झाली. त्याच साली वुकचा नवा करार व दानिचिचने भाषांतरित केलेला जुना करार असे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ते दृश्य पाहण्याचे वुकच्या नशिबी नव्हते. १८९७ साली त्याच्या अस्थी बेलग्रेडला समारंभाने आणण्यात आल्या व मुख्य चर्चच्या दारापुढेच पुरण्यात आल्या. ज्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्यास पाखंडी ठरविले होते, त्याच चर्चच्या अंगणात तो आज विसावला आहे.

आता त्या अक्षराचे पुढे काय झाले ते पाहू. सर्बियाच्या दक्षिणेस असलेल्या मॅसिडोनियन लोकांनी १९४५ साली आपली वर्णमाला निश्चित केली, तेव्हा यकारासाठी त्यांनी वुकचाच आकडा घेतला. कास्पियन समुद्राकाठच्या अझरबैजानातील मुसलमान लोक तुर्की कुळातील भाषा बोलतात. ती तेव्हा सिरिलिक लिपीत लिहिली जात असे. तेथेही १९५८ साली या व यू ह्यांची रशियन अक्षरे काढून त्यांच्या जागी यकाराचा हाच आकडा आणण्यात आला, आणि १९९१ साली त्या देशाने लॅटिन लिपी स्वीकारीपर्यंत तो तेथील कायद्याने मान्य अक्षर होता. दूर सायबेरियाच्या दक्षिणेस अल्ताई पर्वतात राहणाऱ्या लोकांच्या भाषेस १८४० नंतरच्या दशकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी सिरिलिक लिपी दिली. त्या अल्ताई भाषेच्या आजच्या वर्णमालेतही हे अक्षर आहे. पण तेथे त्याचा ध्वनी यकार नसून आपल्या जकाराच्या जवळपासचा आहे. अक्षर एकच, पण ज्या घरी गेले त्या घरची बोली ते बोलू लागले. आजच्या संगणकातही लॅटिनातील आकडा व सिरिलिकमधील आकडा दिसावयास हुबेहूब सारखे असूनही त्यांस निरनिराळे क्रमांक दिलेले आहेत. परकीय म्हणून ज्याची हेटाळणी झाली, त्यास आता नव्या घराण्याचे कुलनाम मिळाले आहे.

सर्बियात आज मुले शाळेत जाऊन तीस अक्षरे शिकतात. तीस अक्षरे आली की वाचन आले. इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे घोकून ज्यांचे डोके दुखते, त्यांस ह्या सुखाची कल्पना सहज येईल. शाळेच्या सर्व वर्षांत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलास तेथे जे प्रशस्तिपत्र देतात त्यास वुकचेच नाव आहे. ज्याला वय जास्त म्हणून शाळेने परत पाठविले, त्याच्या नावाचा कागद मिळावा म्हणून आता हजारो मुले अभ्यास करतात.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून घेण्यासारखा बोध लहान आहे, पण तो विसरण्याजोगा नाही. विद्या ही थोड्या लोकांनी कुलूप लावून ठेवण्याची पेटी नव्हे. तिच्या दारात जी निरर्थक अडगळ साचते ती काढून टाकणे, हे काम फारसे मानाचे दिसत नाही. ते करणाऱ्यास शिव्या खाव्या लागतात, आणि फळ बहुधा त्याच्या मागून येणाऱ्यांस मिळते. वुकने हे जाणून काम केले. मठाच्या शेळ्या राखणाऱ्या एका मुलास जी अडचण भासली, ती त्याने आपल्यानंतर दुसऱ्या कोणत्याही शेळ्या राखणाऱ्या मुलास भासू दिली नाही.